पाच दिवस, एकच उतार

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या टूरवाल्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि कागदावर लिहिलं : श्रीनगर २, पहलगाम २, गुलमर्ग १. मी म्हणाले, “गुलमर्ग सात. बाकी काही नको.” त्याला वाटलं मी आकडे उलटे बोलले.

“ताई, गुलमर्गला एक दिवस पुरतो हो. गंडोलाची केबल कार, स्लेज, स्कीईंग, सगळं चार वाजेपर्यंत उरकतं.”

“आम्हाला स्कीईंग शिकायचंय.”

“तेच म्हणतोय. स्कीईंग पॉईंट आहे ना पॅकेजमध्ये.”

शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तो मनातून टूरवाल्याच्या बाजूचा आहे. एवढं काश्मीरला जायचं आणि पहलगाम नाही? सोनमर्ग नाही? ऑगस्ट २०२३ मधला हा वाद पुढे सहा महिने आमच्या घरात चालला.

सुरुवात माझ्या भावाच्या फोटोंनी झाली. तो जूनमध्ये घरी आला तेव्हा त्याने मनालीचे फोटो दाखवले. सोलंगच्या बर्फात भाड्याचा भडक कोट, पायात स्की, आणि मागून एक माणूस त्याचे दोन्ही खांदे धरून उभा. धाकट्याने विचारलं, “मामा, पुढे काय झालं?” “पुढे काय, पंधरा मिनिटं झाली, उतरलो.” थोरली म्हणाली, “म्हणजे तू स्कीवर उभा राहिलास. स्कीईंग नाही केलंस.” भाऊ हसला, पण मला ते वाक्य बोचलं. आपल्या सगळ्याच सहली अशा असतात. पॉईंटवर जायचं, फोटो काढायचा, पुढचा पॉईंट.

थोरली तेव्हा अकरावीत होती, धाकटा नववीत. पुढच्या वर्षी एकीची बारावी, एकाची दहावी, म्हणजे घरात वर्षभराचा कर्फ्यू. त्यानंतर मुलगी कुठल्या गावाला शिकायला जाईल कोण जाणे. जे करायचं ते याच हिवाळ्यात. शिवाय माझी भिशी सप्टेंबरला लागणार होती. ते पैसे फ्रीजसाठी होते, पण जुना फ्रीज अजून चालत होता.

आमच्या चौघांनाही बर्फाची अक्कल शून्य. सातारकरांची थंडी म्हणजे महाबळेश्वर. दर डिसेंबर-जानेवारीत पेपरात वेण्णा तलावाच्या जेट्टीवर जमलेल्या हिमकणांचा फोटो येतो, आणि एकदा आम्ही पहाटे तीनला उठून तो बघायलाही गेलो होतो. चहाचा पहिला घोट होईपर्यंत ते विरघळले. या शिदोरीवर आम्ही निघालो होतो.

आधी जागा ठरवायची. औली मनात होतं, पण जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठच्या घरांना तडे गेले, जमीन खचली, तेव्हापासून जोशीमठ-औली रोपवे बंद होता. शिवाय ऋषिकेशपासून पुढे अडीचशे किलोमीटरचा डोंगरी रस्ता, आणि नवऱ्याला खंबाटकी घाटातसुद्धा लिंबू लागतं. मनालीला स्कीईंग शिकवणारी संस्था आहे, सोलंग आहे, पण तिथे भावाचं उदाहरण समोर. गुलमर्गमध्ये श्रीनगर विमानतळापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर पोचता येतं आणि शिकाऊ लोकांसाठी गोल्फच्या मैदानाकडचे सौम्य उतार आहेत. तिथेच भारतीय स्कीईंग आणि पर्वतारोहण संस्था ही केंद्र सरकारची संस्थाही आहे. तिचा कोर्स मला सगळ्यात पटला होता, राहणं, जेवण, साहित्य, सगळं एकत्र. पण बॅचच्या तारखा त्यांच्या असतात आणि आमच्या तारखा दोन शाळा-कॉलेजं, माझं ऑफिस आणि नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान मिळून ठरवणार. जुळलं नाही. एकटी-दुकटी मुलं पाठवायची असतील तर मी आजही आधी तिथेच फोन करीन.

तारखांचं गणित तर विचारूच नका. आपल्या शाळांना मोठ्या सुट्ट्या दिवाळीत आणि मे महिन्यात. दिवाळीत पुरेसा बर्फ नसतो, मेमध्ये उरत नाही. नाताळात बर्फ बेताचा आणि गर्दी तुफान. खरा हंगाम जानेवारी-फेब्रुवारी. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्ले कलां’, म्हणजे कडाक्याची थंडी. तेव्हा पडलेला बर्फ टिकतो. आम्ही २० जानेवारी २०२४ ची तिकिटं काढली. २६ जानेवारीची सुट्टी मध्ये येत होती, तेवढीच बचत. थोरलीच्या कॉलेजने काही विचारलं नाही. धाकट्याच्या वर्गशिक्षिकेने विचारलं, मी खरं सांगितलं, आणि त्यांनी “आल्यावर वर्गात सांगायचं” या अटीवर परवानगी दिली.

दिवाळी झाल्यावर पायांची तयारी सुरू केली. स्कीईंगमध्ये मांड्या जातात हे वाचलं होतं. रोज पहाटे अजिंक्यतारा. चढताना धाप लागते म्हणून आपण चढणं मोजतो. पण स्कीसाठी उपयोगी पडतं ते उतरणं, कारण तिथे मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत असतो. म्हणून आम्ही उतरताना मुद्दाम गुडघे वाकवून सावकाश उतरायचो. किल्ल्याजवळच्या ‘चार भिंती’ स्मारकापाशी फिरायला आलेले आजोबा नवऱ्याला म्हणाले, “कंबर धरली का?” घरी आल्यावर भिंतीला पाठ टेकून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसायचं. पहिल्या दिवशी मी बावीस सेकंदांत खाली. जानेवारीत दीड मिनिटावर गेले. धाकट्याने चार दिवसांत सोडून दिलं. “मला गरज नाही,” म्हणाला. चौदाव्या वर्षी कशाचीच गरज नसते.

कपड्यांत मी सगळ्यात जास्त चुकले. डोक्यात एकच : थंडी. सासूबाईंनी चार जाड स्वेटर विणले, चार माकडटोप्या काढल्या, आणि मी प्रत्येकाला दोन-दोन लोकरी मोज्यांचे जोड घेतले. स्की शिकताना माणूस थंडीने कमी आणि घामाने जास्त भिजतो हे मला तिथे जाऊन कळलं. पडायचं, उठायचं, आडव्या पावलांनी चढायचं, पुन्हा पडायचं. यात अर्ध्या तासात पाठ ओली होते, आणि मग थांबलं की तोच घाम गार पडतो. जाड स्वेटर त्या घामाचा पोतेरा होतो. अंगालगत घाम सोडणारं पातळ थर्मल, वर हलकं फ्लीस, सगळ्यात वर पाणी न शिरणारं जाकीट आणि विजार, एवढंच लागतं. सुती बनियन आणि जीन्स तर नाहीच. माकडटोपी हेल्मेटखाली बसत नाही. सासूबाईंचे स्वेटर आम्ही हॉटेलात संध्याकाळी बुखारीसमोर, म्हणजे तिथल्या शेगडीसमोर, बसताना घातले, आणि तिथे ते खरंच उपयोगी पडले, हे त्यांना सांगितलंही.

स्की, बूट, काठ्या, हेल्मेट तिथे भाड्याने घ्यायचं ठरवलं. विकत घेतले ते हातमोजे, विजारी, गॉगल आणि मोजे. साताऱ्यात स्कीची विजार मागितली तर दुकानदाराने रेनकोटची दाखवली. शेवटी पुण्याला एक चक्कर झाली.

दोन बारीक गोष्टी, ज्या कोणी सांगत नाही. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. मी एक नंबर पोस्टपेड करून घेतला, माझा. मुलांना हे विमानतळावर कळलं. दुसरी म्हणजे विमा. प्रवासविम्याच्या पॉलिसीत साहसी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात आणि ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आमच्या एजंटाने आधी “सगळं कव्हर आहे वहिनी” म्हटलं. “स्कीईंग शब्द लिहिलेला दाखवा” म्हटल्यावर त्याला दोन दिवस लागले आणि पॉलिसी बदलावी लागली. इतकी वर्षं हिशेब तपासल्याचा हा एवढाच फायदा.

आणि मग जानेवारी उजाडला आणि गुलमर्गला बर्फच पडला नाही.

संक्रांतीच्या आसपास रोज बातम्यांत तेच : पिवळं वाळलेलं गवत, रिकामे उतार, घोडेवाले बसून. चिल्ले कलां कोरडं चाललं होतं. नवऱ्याला उकळी फुटली. “मग आता पहलगाम?” मी तीन रात्री हवामानाचे नकाशे बघत बसले, जणू मला त्यातलं काही कळत होतं. १७ तारखेला निर्णय घेतला : पुढे ढकलायचं. विमानाच्या तारखा बदलण्याचा दंड भरला, तो लिहवत नाही. हॉटेलवाल्यांनी मात्र फोनवर एका वाक्यात तारीख बदलून दिली; बर्फाविना त्यांचीही गत आमच्यासारखीच होती. सासूबाईंनी सोबत द्यायला केलेला तीळगूळ डब्यात तसाच राहिला. “रथसप्तमीपर्यंत चालतो,” त्या म्हणाल्या. जानेवारी संपता संपता बर्फ आला, आणि आम्ही १० फेब्रुवारीला, शनिवारी, पहाटे पुण्याला निघालो. ऑफिसातल्या साहेबांनी एकच अट घातली : १९ ला शिवजयंतीची सुट्टी, २० ला मी खुर्चीत हवी. मार्चएन्ड समोर होता.

टंगमर्गला गाडी बदलली. पुढच्या तेरा किलोमीटरला चाकांना साखळ्या लावलेली स्थानिक गाडी घ्यावी लागली. “आरिफ खान इथला,” धाकटा खिडकीतून बघत म्हणाला. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू. जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे उतारावर रोवलेल्या खुणांमधून वळत जायच्या शर्यतीत, पंचेचाळिसावा आला होता. हॉटेलचं वायफाय मिळेपर्यंत धाकट्याच्या फोनमध्ये तेवढेच दोन व्हिडिओ होते, ते त्याने पाठ केले.

पहिली सकाळ बुटांत गेली. स्कीचा बूट म्हणजे प्लास्टिकची तिजोरी. मी चौघांना दोन-दोन मोजे चढवले होते. शिकवणाऱ्या सरांनी बघितलं आणि सगळे काढायला लावले. एकच मोजा, गुडघ्यापर्यंत, सुरकुती न पडलेला. थर्मलची विजारसुद्धा बुटात जायची नाही. दोन मोजे एकमेकांवर घासतात, फोड येतात, आणि रक्त अडल्याने पाय उलट गार पडतो. थोरली म्हणाली, बोटं पुढे टेकतायत, मोठा नंबर द्या. सर म्हणाले, गुडघे वाकव. वाकवल्यावर टाच मागे सरकली आणि बोटं सुटली. सरळ उभं राहिल्यावर बोटं हलकेच टेकली पाहिजेत, वाकल्यावर मोकळी. दुकानात सरळ उभं राहून बूट ‘आरामशीर’ निवडणारा माणूस उतारावर बुटात पोहतो.

मग त्यांनी प्रत्येकाचं वजन विचारलं. मुलांसमोर, नवऱ्यासमोर, दुकानातल्या आणखी सहा जणांसमोर. मी सहा किलो कमी सांगितलं. बूट ज्या पकडीत अडकतो ती पकड पडताना सुटावी म्हणून वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य बघून घट्ट-सैल करतात. फार घट्ट ठेवली तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. सैल ठेवली तर उगीचच सुटते. माझी दिवसभर सुटत होती. सर तीनदा वाकून बघून गेले, चौथ्यांदा त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. मी खरा आकडा सांगितला. थोरली अजून ते विसरलेली नाही.

आम्ही चौघांत मिळून एकच शिक्षक ठरवले होते, पैसे वाचवायला. ते चुकलं. धाकटा उताराच्या डोक्यावरून सरळ तोफेसारखा खाली जायचा आणि कुंपणाच्या बर्फात घुसून थांबायचा. थोरली पहिल्याच पडण्यानंतर रुसली. सोळाव्या वर्षी बापासमोर पडणं वेगळं आणि आठ-नऊ वर्षांची काश्मिरी पोरं शेजारून सुळकन जात असताना पडणं वेगळं. मी तिला वर ओरडून सांगत होते, “गुडघे वाकव!” मला स्वतःला उभं राहता येत नव्हतं आणि मी सांगत होते. दुपारी सरांनी हळूच सुचवलं, मुलांना दुसऱ्या शिक्षकाकडे द्या, उताराच्या पलीकडच्या अंगाला. रोजचा खर्च वाढला, पण ते पैसे वसूल झाले. तासाभराने पाहिलं तर थोरली हसत होती. आम्ही दिसत नव्हतो म्हणून.

शिकवणी अशी : पुढची टोकं जवळ, मागची शेपटं लांब, पिझ्झाच्या तुकड्यासारखी, त्याने वेग कमी होतो. दोन्ही स्की समांतर केल्या की सुटलात. वळायचं असेल तर उलटं डोकं लागतं. डावीकडे वळायला उजव्या पायावर भार. धाकटा सायकलवाला, तो सायकलसारखा आत झुकायचा आणि आपटायचा. आणि सगळ्यात अवघड म्हणजे पुढे झुकणं. उतार दिसला की शरीर आपोआप मागे जातं, आणि मागे गेलं की स्कीच्या पुढच्या भागावरचा भार जातो, मग ती ऐकत नाही. सर दिवसभर एकच ओरडायचे, “आगे! आगे झुको!” नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबलेली राहिली पाहिजे. संध्याकाळी माझ्या दोन्ही नडग्यांवर निळे पट्टे होते आणि सर ते पाहून खूश झाले.

पडल्यावर उठणं हाही धडा. दोन्ही स्की उताराला आडव्या, खालच्या बाजूला. आपण वरच्या बाजूला. मग हातांनी रेटा. स्की उताराच्या दिशेला ठेवून उठलात तर उठताउठता निघालात. नवऱ्याने हे तीनदा करून दाखवलं, तिन्ही वेळा अनिच्छेने.

थंडीने कोणाचं काही झालं नाही. ऊन लागलं. तो आठवडा बराचसा कोरडा, लख्ख होता. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर, महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. ऊन वरून येतं तसं खालूनही येतं. मी नाक-गाल माखले होते, हनुवटीच्या खालची बाजू आणि नाकपुड्या विसरले. तिसऱ्या दिवशी आम्ही चौघं भाजलेल्या वांग्यासारखे दिसत होतो, गॉगलचा गोरा चष्मा तेवढा शिल्लक.

चौथ्या दिवशी सुट्टी घेतली. हे आधीच ठरवलेलं होतं आणि आमच्या नियोजनातली ती बहुधा एकमेव बरोबर गोष्ट. पाय उचलत नव्हते. गंडोलाने कोंगडोरीपर्यंत, म्हणजे पहिल्या टप्प्यापर्यंत, गेलो. नवऱ्याला वर अफरवटच्या डोंगरावर जायचं होतं, ३,९०० मीटरच्या पुढे, मुलांना तिथून स्की करत यायचं होतं. पहिली इच्छा मी पुरवली असती. दुसरीवर सरांनी नाही म्हटलं. तिथले उतार दाबून सारखे केलेले नसतात, आणि आदल्याच वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ ला, त्या बाजूला हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले होते. धाकटा गप्प बसला. आरिफ खानचे व्हिडिओ त्याने त्या रात्री पाहिले नाहीत.

शेवटचा, शिकण्याचा पाचवा दिवस, १६ तारीख, शुक्रवार. उताराच्या डोक्यावर मी उभी, खाली तिघंही. नवरा केव्हाच खाली जाऊन बसला होता, बसूनच गेला होता. मी वळणं मोजत आले : उजवा, डावा, उजवा. सातव्या वळणानंतर थांबता आलं, न पडता, कुंपणाच्या दोन हात अलीकडे. थोरली म्हणाली, “आई, तू तोंड उघडं ठेवून येतेस.” तिची वळणं माझ्यापेक्षा कितीतरी गोल होती, आणि धाकट्यापेक्षाही. सरळ सुटायची हौस नव्हती म्हणून ती वळायला आधी शिकली.

त्या दिवशी रथसप्तमी होती. मी डबा काढला. तीळगूळ दगड झाला होता. दोन्ही सरांना दिला आणि हिंदीत गोड बोलायला सांगितलं. मोठ्या सरांनी तो दाढेत धरून बराच वेळ चघळला आणि विचारलं, “ये सख्त ही बनता है?” धाकटा म्हणाला, “नहीं सर, ये जनवरी का है.”

१८ ला रात्री घरी. तीन दिवसांनी तिकडे खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा सुरू झाल्या, तेव्हा धाकटा टीव्हीसमोर बसून खेळाडूंच्या गुडघ्यांवर टीका करत होता. खर्च मांडला तर दोन लाखांच्या वर गेला होता. त्यात सगळ्यात मोठा आकडा विमानाचा, मग हॉटेलचा. प्रत्यक्ष स्कीईंग, म्हणजे दोन्ही शिक्षक आणि साहित्य, तिसऱ्या नंबरवर. जुना फ्रीज एप्रिलमध्ये बंद पडला.

कराडच्या नणंदेचा फोन आला. स्पीकरवर होता, सगळे ऐकत होते.

“मग काय काय बघितलंत?”

“एक उतार बघितला वन्सं.”

“आणि?”

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो नडगीला तेल लावत होता.

“तोच,” तो म्हणाला. “पण दोन्ही बाजूंनी.”